अलबेलातला ट्रंपेट

भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ साली आला. त्याचे संगीतकार कोण, असं आमच्या घरात कुणालाही विचारा. सी. रामचंद्र! म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. गाणारी लता, सोबत गाणारे 'चितळकर' म्हणजे पुन्हा तेच अण्णा, गीतं राजेंद्र कृष्ण यांची, नायिका गीता बाली. इथपर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. पण 'दीवाना परवाना' हे गाणं सुरू असताना पडद्यावर झालरीचे सदरे घातलेला एक बँड दिसतो. त्यात ट्रंपेट वाजवणारा माणूस कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मंडळी, आज त्याच माणसाबद्दल लिहायचं आहे.

त्याचं नाव अँतोनियो शाविएर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातलं हळदोणे. मुंबईत त्याला सगळे ओळखायचे ते 'चिक चॉकलेट' या नावाने. (नाव ऐकून हसू येतं खरं, पण त्या काळात बँडवाल्यांना अशी नावं घ्यावी लागत. हॉटेलच्या पाटीवर वाझ शोभत नसावा.) त्याच्या बँडचं नाव होतं 'चिक अँड द म्युझिक मेकर्स'. चाळीसच्या दशकात हा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे आणि चिकला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. लुई आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतला सर्वांत मोठा काळा जॅझ वादक, हे तरुण मंडळींना सांगायला नकोच.

आता हळदोण्याच्या पोराला अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं वाजवणं कुठून कळलं? ही गोष्ट मला चिकच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते, म्हणून जरा मागे जाते.

१९३५ सालच्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. सगळे वादक काळे. असा बँड मुंबईत त्याआधी आलेला नव्हता. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ नावाचा ट्रंपेटवादक आला आणि टेडी वेदरफोर्ड नावाचा पियानोवादक आला. हा वेदरफोर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात वाजवलेला माणूस. १९२६ मध्ये त्याने अमेरिका सोडली, शांघायला गेला, मग मुंबई, मग कलकत्ता. घरी परतून स्थिर झालाच नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. त्याच्या देशात त्या वेळी काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवता येई, पण त्याच हॉटेलात राहता-जेवता येत नसे. आपल्याकडे स्वर्ग होता असं नव्हे. साहेब लोकांचे क्लब होते, त्यांच्या दारावर हिंदी माणसाला मज्जाव होता, आणि आपली अस्पृश्यता तर होतीच. पण परक्या देशातून आलेल्या कलावंताला ताजच्या मंचावर मान मिळत होता, एवढं खरं.

या मंडळींच्या बँडमध्ये जागा रिकामी झाली की ती भरायला मुंबईत गोवेकर सापडत. याचं कारण पोर्तुगीज राजवटीत आहे. गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सुरांची लिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन शिकवत. हेतू एवढाच की रविवारी प्रार्थनेला साथ करायला मुलं तयार व्हावीत. त्यातून झालं असं की गोव्यातला गरीब घरातला मुलगाही कागदावरचे सूर बघून वाजवू शकत असे. आपल्याकडे संगीत गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जातं, त्यांच्याकडे ते कागदावरून डोळ्यात जाई. गोव्यात पोट भरेना तेव्हा ही मुलं मुंबईला आली. धोबीतलाव भागात प्रत्येक गावाच्या लोकांची 'कूड' असे, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक खोली. तिथे ट्रंक ठेवायची, झोपायचं आणि काम शोधायचं. आपल्या भागातली माणसं सुरतेला जाऊन एकाच खोलीत दहा-दहा जण राहतात, तसंच.

कागद वाचता येत होता, पण जॅझमध्ये कागदापलीकडचंही काही लागतं. चाल तीच ठेवून ऐन वेळी मनाने भर घालायची असते. ते या काळ्या वादकांच्या शेजारी बसून, त्यांच्या तबकड्या घासून घासून ऐकून गोवेकर शिकले. मिकी कोरिया १९३९ पासून ताजमध्ये स्वतःचा बँड चालवत होते, ते पुढे वीसेक वर्षं. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवत. यांनीच पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. आणि या सगळ्यांत चिक चॉकलेट. आर्मस्ट्राँगसारखं वाजवणं तर होतंच, शिवाय त्याच्यासारखं घोगऱ्या आवाजात गाणंही त्याने उचललं होतं.

मग हा माणूस हॉटेल सोडून सिनेमात कशाला आला? एक कारण दारूबंदी! मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. दारू बंद झाल्यावर नाचाच्या रात्री ओस पडू लागल्या आणि बँड ठेवणं हॉटेलांना परवडेना. आम्ही शाळेत मुलांना दारूबंदीचे फायदे शिकवले आणि त्यावर माझा आजही विश्वास आहे. आमच्या आदिवासी पाड्यांवर दारूने काय केलंय ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्या कायद्याने मुंबईच्या जॅझवाल्यांची चूल विझत आली होती, हेही त्याच इतिहासाचं पान आहे. साहेब लोक आधीच देश सोडून गेलेले. मग दुपारी स्टुडिओत आणि मिळालंच तर रात्री हॉटेलात, असं या वादकांचं आयुष्य सुरू झालं.

त्याच सुमारास आपल्या सिनेमाचं गाणं बदलत होतं. सी. रामचंद्रांनी १९४७ च्या 'शहनाई'मध्ये रविवारचं ते प्रसिद्ध गाणं दिलं आणि जुनी-जाणती मंडळी नाराज झाली. हा माणूस गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला, आणि हे काय करतोय! पण त्यांचा कान मोकळा होता. १९५० च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' हे गाणं कारमेन मिरांडाने १९४५ साली अमेरिकन चित्रपटात गायलेल्या एका गाण्यावरून आलेलं आहे, हे आता सगळे जाणतात. हॉटेलांतल्या बँडला असली गाणी रोजची. अण्णांच्या हाताशी चिक चॉकलेट होताच. त्यांचा सहाय्यक म्हणून त्याने काम केलं, पुढे मदनमोहन यांच्याकडेही केलं.

'सहाय्यक' या एका शब्दात किती काम भरलेलं होतं ते सांगते. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा आणि गाऊन दाखवायचा. त्या काळच्या बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य सुरलिपी लिहिता येत नसे. समोर मात्र व्हायोलिनवाले, क्लॅरिनेटवाले, ट्रंपेटवाले कागदाची वाट बघत बसलेले. प्रत्येकाने कुठे सुरू करायचं, कुठे थांबायचं, कोणता सूर धरायचा, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. गाण्याच्या आधीचा तुकडा, दोन कडव्यांमधला तुकडा, गायिकेच्या ओळीच्या शेपटाशी येणारं उत्तर, हे सगळं जमवायला हवं. हे काम गोवेकर करत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात जे नाव येतं, ते शिष्याने गुरूला केलेलं वंदन आहे. नाव गाजलं, पण त्या नावाचा खरा माणूस आहे हे कितीजणांना ठाऊक होतं?

'शोला जो भडके' पुन्हा ऐका. शब्द बाजूला ठेवून नुसती वाद्यं ऐका. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट. ताल लॅटिन, वाजवण्याची ढब हॉटेलातली, आणि मधोमध लताबाईंची आणि अण्णांची आपली देशी चाल. चाल अण्णांची आहे, त्याबद्दल वाद नाही, आणि कुणी तो काढू पण नये. एवढी गोड चाल बांधणारा माणूस शंभर वर्षांत एखादाच होतो. माझा मुद्दा वेगळा आहे. चाल म्हणजे गाणं नव्हे.

याचा पुरावा मुंबईत शोधायची गरज नाही, तो आमच्या धानोऱ्यात आहे. (नंदुरबारजवळचं धानोरा बरं का, गडचिरोलीतलं नव्हे. नवीन वाचक नेहमी विचारतात.) मी लहान असताना लग्नाला बँड बोलवायचा तो नंदुरबारहून. बैलगाडीतून वाजंत्री यायचे, अंगात लाल कोट, पायात काहीही. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात वरात निघायची आणि 'शोला जो भडके' वाजलं नाही असं लग्न मला आठवत नाही. आता विचार करा, बँडमध्ये गायिका नाही, शब्द नाहीत, राजेंद्र कृष्ण नाहीत. क्लॅरिनेट चाल वाजवतो. पण गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा वाजला की लोक ओरडायचे, चाल यायच्या आधीच! पोरं नाचायला सुरुवात करायची ती त्या तुकड्यावर. दोन कडव्यांच्या मध्ये ट्रंपेटवाला पुढे यायचा, गाल फुगवून आपला तुकडा वाजवायचा, आणि नवऱ्याचे मामा त्याच्यावरून नोट ओवाळायचे. त्या बँडवाल्यांना सुरलिपी येत नव्हती. तबकडी ऐकून किंवा तंबूतला सिनेमा चार वेळा बघून त्यांनी ते कानाने उचललेलं असे. म्हणजे शिकागोहून मुंबई, मुंबईत हळदोण्याचा वाझ, तिथून तबकडी, तबकडीतून आमच्या वरातीत. आणि एवढ्या प्रवासात ट्रंपेटवाल्याचं नाव कुठल्याच टप्प्यावर पुढे सरकलं नाही.

नाव लिहिण्याची पद्धतच नव्हती. तबकडीवर चित्रपटाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. त्याआधी तर गायकाचंही नसे. १९४९ च्या 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर लताऐवजी 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं! वादकांचा तर प्रश्नच नाही. त्यांना त्या दिवसाचे पैसे मिळत, ते घेऊन लोकल पकडायची. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्यांचा संबंध त्या संध्याकाळी संपलेला. २०१२ साली कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांना मानधनातला वाटा कायमचा राखून मिळाला. तोवर चिक चॉकलेटला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती.

माझी पुतणी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ असते. गेल्या वेळी ती आली तेव्हा तिने तिकडच्या 'मोटाउन' कंपनीच्या संग्रहालयाबद्दल सांगितलं, आणि मी एकदम चमकले. कारण गोष्ट तीच! बेरी गॉर्डी नावाच्या काळ्या गृहस्थाने १९५९ साली ही कंपनी काढली. साठच्या दशकात तिची गाणी जगभर गेली. त्या संगीताला ते लोक 'सोल' म्हणतात. गायक-गायिका घराघरांत पोचले. पण मागे वाजवणारा बँड बहुतेक वेळा एकच होता, त्याचं नाव 'फंक ब्रदर्स'. ही माणसं मुळात डेट्रॉइटच्या रात्रीच्या क्लबांत जॅझ वाजवणारी. पोटासाठी स्टुडिओत आली, दिवसा गाणी वाजवायची आणि रात्री परत क्लबात आपलं आवडीचं वाजवायचं. मुंबईच्या गोवेकरांसारखंच अगदी. मोटाउनच्या तबकडीवर त्यांची नावं प्रथम आली ती १९७१ साली, मार्विन गे या गायकाच्या एका संग्रहावर. पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं आणि बहुतेक वादक मागे राहिले. जेम्स जेमरसन हा त्यांच्यातला बेस गिटार वाजवणारा, ज्याच्या बोटांवर आजचे वादक अभ्यास करतात, तो १९८३ साली गेला. त्याला जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर, २००२ साली, या बँडवर माहितीपट निघाला आणि मग जगाला कळलं.

पुतणी म्हणाली, "काकू, पण लोकसंगीतात तरी कुणाचं नाव असतं?" प्रश्न बरोबर होता, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. आमच्याकडे होळीला ढोल वाजतो. रात्रभर वाजतो, शेजारच्या पाड्यांवरून माणसं येतात. तो ठेका कुणी बांधला ते कुणी विचारत नाही. त्याला नाव नाही, पण तो विकलेलाही नाही. ज्याने वाजवला तोही त्याच पंगतीत जेवतो. सिनेमाच्या गाण्याचं तसं नाही. तिथे मालकाचं नाव आहे, कंपनीचं आहे, नट-नटीचं आहे, संगीतकाराचं आहे. एवढी नावं लिहायला जागा झाली आणि एक-दोन नावांनाच जागा नव्हती, हे मला पटत नाही. ढोलाच्या निनावीपणात आणि तबकडीच्या निनावीपणात फरक आहे, असं मी तिला फोनवर सांगितलं. तिला ते पूर्ण पटलं असं वाटत नाही. असो.

नाव असूनही सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. खुद्द भगवानदादांचंच बघा. जन्म अमरावतीचा, वडील गिरणी कामगार. 'अलबेला'ने त्यांना जुहूला बंगला दिला, गाड्या दिल्या. पुढचे चित्रपट पडले, सगळं गेलं, आणि दादरच्या चाळीत राहून ते २००२ च्या फेब्रुवारीत वारले. पण त्यांच्यावर 'एक अलबेला' (२०१६) हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाईने त्यांची भूमिका केली, नव्या पिढीने तो पाहिला. अण्णांचं आत्मचरित्र आहे, 'माझ्या जीवनाची सरगम'. मुंबईच्या जॅझवाल्यांवर नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते २०१२ मध्ये आलं. मराठीत असं पुस्तक कुणीतरी करायला हवं. गोवा आपल्या शेजारी, मुंबई आपली, सी. रामचंद्र आपले, आणि ही गोष्ट वाचायची ती इंग्रजीतून! आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या बीएवाल्यांनी शब्दकोश उशाशी ठेवून वाचायची. मी वाचते, तक्रार नाही. पण माझ्या बहिणी वाचणार नाहीत, म्हणून इथे एवढं लांबण लावलं.

१९६४ साली खरे आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन वाजवून गेले. त्या वेळी आपला आर्मस्ट्राँग पन्नाशीला टेकला होता. १९६६ साली चेतन आनंद यांचा 'आखरी खत' आला, राजेश खन्नाचा पहिला चित्रपट. संगीत खय्याम यांचं. त्यात रात्रीच्या क्लबातलं एक गाणं आहे, 'रुत जवाँ जवाँ'. तरुण भूपिंदरसिंग पडद्यावर स्वतः गातो, आणि त्याच गाण्यात ट्रंपेट घेऊन वाजवताना दिसतो तो चिक चॉकलेट. 'अलबेला'तल्या झालरी गेल्या आहेत. अंगाने जरा भरलेला, शांत, बाकी कुणाकडे न बघता वाजवणारा माणूस.

त्यानंतर वर्षभराच्या आत, १९६७ च्या मे महिन्यात, तो वारला. वय एक्कावन्न.

दोन्ही गाणी हल्ली मोबाइलवर सहज मिळतात. आधी 'दीवाना परवाना' बघा, मग 'रुत जवाँ जवाँ'. नातवंडांना सोबत बसवा आणि नट-नटी सोडून मागे बघायला सांगा. आमच्या घरात आता तो दिसला की धाकटी नात ओरडते, "आजी, तुझा वाझ!"